मधोमध उभा काटा

काटेवाल्यांना कशाकशाची भीती वाटत नाही हे सांगायला फार वेळ लागला नसता. लिफ्टची वाटे, कुत्र्याची वाटे, उंच पुलाची वाटे. घरातून निघताना गॅस बंद केला की नाही, ही भीती तर पार गल्लीच्या टोकापर्यंत सोबत येई आणि तिथून त्यांना परत घेऊन जाई. लग्नाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी इतक्या शंका काढल्या की मुलीकडचेच घाबरून गेले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात; काटेवाल्यांच्या पाठी त्याचं अख्खं कुटुंब होतं.

काटेवाले हे त्यांचं आडनाव नव्हे, धंदा. घराच्या तळमजल्यावर रस्त्याकडे उघडणाऱ्या खोलीत ते गाड्यांचे मीटर दुरुस्त करत. खिडकीखाली टेबल, टेबलावर भिंगाचा दिवा, मखमलीच्या तुकड्यावर ओळीने मांडलेले काटे. वेगाचे, पेट्रोलचे, तापमानाचे. या कामावर त्यांचा जीव होता, कारण काटा आधी सांगतो. माणसं सगळं होऊन गेल्यावर सांगतात, काटा होण्याआधी सांगतो. जो माणूस जन्मभर "आता काय होईल" या विचाराने अर्धमेला झालाय, त्याला याहून चांगला सोबती कुठून मिळणार?

अशा या माणसाला भीती वाटत नसे अशी जगात एकच जागा होती, आणि ती म्हणजे दादाच्या गाडीत दादाच्या शेजारची सीट.

दादा म्हणजे थोरला भाऊ. त्याच आईच्या पोटचा, पण भीतीचा सगळा वाटा धाकट्याकडे गेल्यामुळे मोकळा राहिलेला, असं सगळे म्हणत. त्याची गाडी दोनच माणसांची, लांब नाकाची, हिरवी आणि इतकी बुटकी की आत बसायला जवळजवळ झोपावंच लागे. तेव्हाच ती जुनी होती. तिच्या डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या मागे एक मोठा गोल मीटर होता, ऑइलच्या दाबाचा. आता ऑइलचा दाब म्हणजे इंजिनाचा प्राण. धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि तो दाबाच्या जोरावर टिकतो. दाब गेला की थर गेला, थर गेला की इंजिन जाम. मग गाडी सरळ रस्त्यावर आहे की घाटाच्या वळणावर, याची चौकशी ते करत नाही.

पहिल्यांदा दादाने त्यांना कॉलर धरून गाडीत बसवलं तेव्हा तो काटा चांगलाच हलत होता. गाडी सिग्नलला थांबली की खाली, वेग घेतला की वर. काटा खाली आला की काटेवाले ओरडत, "दादा, पडला!" घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत त्यांचे हातपाय गार पडले होते. दादाने गाडी वळवली आणि घरी आणली.

थोड्या दिवसांनी दादा म्हणाला, "मीटरचं काम करून घेतलंय. चल आता."

"कोणाकडून करून घेतलंस? मला दाखवायचा ना!"

"तुझ्या हातात दिला तर गाडी फाटकाबाहेर पडायची नाही. घरचा वैद्य आपल्याला नको बाबा."

आणि खरंच, त्या दिवसापासून काटा मधोमध उभा राहिला. घाट असो, गर्दी असो, ऊन असो. काटेवाले त्याच्याकडे बघत बसत आणि त्यांच्या पोटातला गोळा हळूहळू विरघळे. पुढे तर ते घाटात गाणी म्हणू लागले, आणि आवाज यथातथाच असल्यामुळे आता घाबरायची पाळी दादाची आहे, असं घरात सगळे म्हणत. दादाची मुलगी खारू लहान होती. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. ती काकाच्या मांडीवर बसून यायची.

दादाच्या दोन सवयी मात्र काटेवाल्यांना खटकत. एक, तो कायम घाईत. गाडी आधीच चालू करून फाटकाशी उभी करायचा आणि हॉर्नवर हॉर्न. दुसरी, घाटमाथ्यावर हमखास थांबायचा. "जा, खाली बघून ये, आज छान दिसतंय," म्हणून धाकट्याला आणि खारूला कठड्याकडे पिटाळायचा. ते परत येईपर्यंत गाडी पुन्हा चालू, आणि दादा रुमालाला बोटं पुसत असायचा. "काय लागलं रे?" "काही नाही." घरी वहिनी त्या काळ्या रुमालांवरून कडकड करत. "दगडी कोळशाच्या खाणीत जातात की घाटात?" त्या म्हणत.

मग एका सकाळी दादा उठलाच नाही. झोपेतच गेला. गाडीवर कापड पडलं.

हे आठवायचं कारण, खारूला घाटापलीकडच्या गावात नोकरी लागली आणि तिने ठरवलं की बाबांची गाडी घेऊन जायची. गॅरेजवाल्याकडून तिने सगळं करून घेतलं. टायर, ब्रेक, बॅटरी, नवीन ऑइल. एकच गोष्ट राहिली. गाडी जरा गरम झाली की ऑइलच्या दाबाचा काटा एकदम शून्यावर पडायचा. गॅरेजवाला म्हणाला, "मीटर गेला असणार. जुन्या गाड्यांचं असंच असतं. लक्ष देऊ नका." शेजारी म्हणाले, मीटरच. खारूचे मित्र म्हणाले, मीटरच. काटा पडला तर काट्यालाच खोटं ठरवायचं, ही जगाची रीत बघून काटेवाल्यांचं डोकं फिरलं.

"आणि मीटर बरोबर असेल तर?" ते म्हणाले. "इंजिनाचीच बेअरिंग गेली असतील तर? पंप गेला असेल तर? घाटात चाकं जागच्या जागी अडकतील, कळतंय का तुला?"

"म्हणून तर तुझ्याकडे आणलीये ना," खारू म्हणाली. "तू बघ. तू नाही म्हणालास तर मी बसने जाईन."

वहिनी दारातच उभ्या होत्या. "भावजी, माझं या घरात कोणी ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर जाईल नाहीतर राहील. काय ते नीट बघून सांगा." एवढं बोलून त्या आत गेल्या.

काटेवाल्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोरीला हो म्हणावं आणि काही बरंवाईट झालं तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि मनाच्या तळाशी एक गोष्ट होती, तिची त्यांना स्वतःलाच लाज वाटत होती. इंजिन खराब निघावं असं त्यांना वाटत होतं. मग प्रश्नच मिटला असता.

दुपारी अंगणात गाडी काढली. बॉनेट उघडून त्यांनी आधी ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल पुरेसं होतं, स्वच्छ होतं. मग आत बसून, जन्मात पहिल्यांदा त्या गाडीची किल्ली स्वतःच्या हाताने फिरवली. इंजिन चालू केलं नाही, नुसती वीज आली एवढंच.

काटा उठला आणि मधोमध जाऊन उभा राहिला.

काटेवाले त्याच्याकडे बघतच राहिले. इंजिन थंडगार पडलेलं, पंप फिरत नाही, ऑइल तळाशी झोपलंय, आणि मीटर सांगतोय की दाब उत्तम आहे. प्रेताची नाडी लागावी तसं वाटलं त्यांना. त्यांनी किल्ली बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा मधोमध.

"काय झालं काका?"

"थांब जरा."

इंजिनाच्या अंगात एक सेन्सर बसवलेला असतो. तो दाब ओळखतो आणि एका वायरीने मीटरला कळवतो. काटेवाल्यांनी वाकून ती वायर काढली. आता मीटरला बातमी देणारं कोणीच नव्हतं, तेव्हा काटा पडायलाच हवा. ते परत आत येऊन बघतात तर काटा मधोमध. हलला सुद्धा नव्हता.

पन्नास तऱ्हेचे मीटर त्यांनी उघडले होते, पडलेले, अडकलेले, उलटे फिरणारे. पण कोणाशीही न जोडलेला आणि तरीही सगळं ठीक आहे म्हणणारा काटा त्यांनी पाहिला नव्हता. मग एवढी वर्षं हा कोणाचं ऐकत होता?

ते पाठीवर आडवे झाले, डोकं पेडलच्या वर घातलं आणि टॉर्च डॅशबोर्डच्या मागे मारला. सेन्सरकडून आलेली वायर मीटरपर्यंत पोचलीच नव्हती. तिचं टोक कापून, चिकटपट्टी गुंडाळून बाजूला खोचून ठेवलं होतं. तिच्या जागी मीटरला विजेला ठराविक अडथळा करणारा एक छोटा रेझिस्टर लावला होता, आणि त्याचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला. त्यामुळे मीटरला कायम एकच आकडा मिळणार, चांगला, मधला. पत्र्याकडचं सोल्डर, म्हणजे कथलाचा जोड, निखळलं होतं. गाडी तापली की ते सुटायचं, आणि मग काटा शून्यावर. बिघाड झाला होता तो या खोटेपणात.

सोल्डर हरभऱ्याएवढं ओबडधोबड होतं. दादाला ते कधीच जमलं नाही. आणि रेझिस्टरवर पांढऱ्या रंगाचा ठिपका होता. आपल्या खणातल्या मालावर खूण म्हणून काटेवाले स्वतः लावत तोच ठिपका. म्हणजे वस्तू त्यांच्याच दुकानातून उचललेली. शहरभरच्या मीटरांची नाडी बघणारा माणूस वर्षानुवर्षं खोट्या मीटरसमोर गाणी म्हणत बसला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आणि मग एकेक गोष्ट त्यांच्या अंगावर आली. गाडी आधीच चालू करून फाटकाशी का आणायचा? तर किल्ली फिरवताच काटा उठतो हे भावाला दिसू नये म्हणून. घाई कसली, लपवाछपवी होती ती. काटेवाल्यांना संताप आला. मेलेल्या माणसावर येतो तो, कुठेच न जाणारा संताप. ज्या वळणांवर ते निवांत बसले होते, ती सगळी वळणं आता, इतक्या वर्षांनी, त्यांच्या पोटात उतरली. मांडीवर खारू होती. चार वर्षांची खारू. ऑइल संपलं असतं तरी काटा म्हणाला असता, छान चाललंय.

"काका, बोल ना काहीतरी."

"वायर सुटलीये," ते डॅशबोर्डखालूनच म्हणाले. "मीटरचंच आहे. पण इंजिनाचं काय, ते वेगळं बघावं लागेल."

कारण खरा भीतीचा प्रश्न तर आता उभा राहिला होता. काटा खोटा निघाला, पण म्हणून इंजिन चांगलं ठरत नाही. खरा दाब किती, हे इतक्या वर्षांत कोणालाच माहीत नव्हतं.

त्यांनी सेन्सर खोलून काढला आणि त्या भोकात आपला तपासणीचा मीटर बसवला. तांब्याच्या नळीचा, विजेचा संबंध नसलेला. त्यात ऑइलच स्वतः येऊन काटा ढकलतं, तिथे कोणाला खणातून काही आणून लावता येत नाही. खारू आत स्टिअरिंगवर बसली. बॉनेट उघडं होतं, त्यामुळे मीटर फक्त त्यांनाच दिसत होता.

इंजिन चालू झालं. काटा वर गेला. थंड ऑइल जाड असतं, तेव्हा दाब दिसतोच. परीक्षा गरम झाल्यावर. ते उभे राहिले. गरम वाफा तोंडावर येत होत्या. काटा हळूहळू उतरू लागला, आणि त्याच्याबरोबर काटेवाल्यांचं काळीज. पंखा फिरायला लागला. काटा अजून खाली आला, अजून थोडा, आणि एका जागी थांबला. खारूने त्यांच्या खुणेप्रमाणे वेग वाढवला तसा तो झपकन वर गेला, सोडल्यावर परत त्याच जागी आला.

चांगला दाब होता. एवढ्या जुन्या इंजिनाला शोभणार नाही इतका चांगला.

"किती आहे?" खारूने ओरडून विचारलं.

काटेवाल्यांना घाट दिसला. एकटी पोर, संध्याकाळ, वळण.

"कमी आहे," ते म्हणाले.

इंजिन बंद झालं. खारू भांडली नाही. आतून तिचा आवाज आला, "बरं. मग बसने जाते." आणि मग, "बरंच झालं. खरं सांगू, मला दोन दिवस झोप नाहीये. गाडीच नको वाटायला लागली होती."

काटेवाल्यांनी बॉनेटआडून बघितलं. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, अंग चोरून. झाडावरून खाली न उतरणारी ती पोर. तशी बसलेली त्यांनी तिला कधी पाहिली नव्हती. पण तसं बसणारं एक माणूस त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. रोज दाढी करताना ते आरशात भेटे.

दादाचा राग त्यांना आत्ताच आला होता. काट्याला खोटं बोलायला लावलं म्हणून. आणि आपण? आपल्याला तर रेझिस्टर सुद्धा लागला नाही.

"खारू," ते म्हणाले. "पुन्हा चालू कर. मी खोटं बोललो. इकडे ये, तूच बघ."

ती आली. त्यांनी तिला मीटर दाखवला, किती असायला हवं ते सांगितलं, किती आहे ते सांगितलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तू का खोटं बोललास?"

"भीती वाटली म्हणून. दुसरं काय असणार माझ्याजवळ?"

मग त्यांनी सेन्सर बसवला, कापलेली वायर मीटरला जोडली आणि दादाचा रेझिस्टर खिशात टाकला. त्याबद्दल ते तिला काही बोलले नाहीत. गाडी गरम असताना चालू केली तर काटा खाली होता, पाय दिला की वर. खारू दचकली. "काका, हा तर सारखा हलतोय!"

"हलणारच. खरा आहे तो. उभ्या गाडीत एवढा खाली आला तर चालतो. याच्याखाली गेला तर तिथल्या तिथे बंद करायची. लक्षात ठेव."

ती निघाली तेव्हा घाटमाथ्यापर्यंत ते सोबत गेले. तिथून परतीची बस मिळते. घाटात त्यांनी एका हाताने दाराची कडी आणि दुसऱ्याने सीटची कड धरली होती. काटा वळणागणिक वरखाली होत होता आणि प्रत्येक वेळी त्यांचा श्वास अडकत होता. गाणं वगैरे काही सुचलं नाही. खारू मात्र चांगली चालवत होती. बापासारखी, एक हात सैल सोडून.

माथ्यावर तिने गाडी बाजूला घेऊन बंद केली.

"जा, खाली बघून ये," काटेवाले म्हणाले. "आज छान दिसतंय."

ती कठड्याकडे गेली. त्यांनी भराभरा बॉनेट उघडलं, रुमालाने धरून ऑइलची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. ऑइल जागच्या जागी होतं. बोटांत घेऊन चोळून पाहिलं. कचकच नव्हती, धातूचा चुरा नव्हता. पट्टी आत सारली, आणि रुमालाला बोटं पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

रुमाल काळा झाला होता.

कठड्याशी उभी असलेली खारू वळून येत होती. त्यांनी बॉनेट लावलं.

"हाताला काय लागलं रे?" तिने विचारलं.

"काही नाही," काटेवाले म्हणाले.

मग ती गेली. हिरवी गाडी वळणाआड गेली, खालच्या वळणावर पुन्हा दिसली, पुन्हा गेली. बसमध्ये, घरी, फोनजवळ, काटेवाल्यांचा जीव सगळा वेळ टांगणीला होता. फोन आला तेव्हा वहिनींनी तो घेतला. पोचली होती. "काकाला सांग, काटा सगळा रस्ताभर हलत होता."

वहिनींनी धुवायचे कपडे गोळा करताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, आणि तो हातात धरून त्या उभ्या राहिल्या. कडकड केली नाही.

"वहिनी," काटेवाले म्हणाले, "दादा घाबरायचा. घाटात. प्रत्येक वेळी."

वहिनी रुमालाकडेच बघत होत्या. "आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही," त्या म्हणाल्या. "त्याला कळू देऊ नकोस, एवढंच म्हणायचे."